शागिर्द पुढे जावा असे वाटणारा उस्ताद

कापड बाजारात कुठल्याही गादीवर जाऊन बसा, एक तक्रार हमखास कानावर येते. 'पोराला शिकवून तयार करावे आणि त्याने पुढच्या गल्लीत स्वतःचे दुकान टाकावे!' ही तक्रार मीही वर्षानुवर्षे केली आहे. आज माझे मत वेगळे आहे. पोरगा जातो तो बहुतेक वेळा आपण त्याला काहीच शिकवत नाही म्हणून.

मी 1989 साली मालेगावात एका दुकानावर लागलो. शिक्षण सगळे उर्दूतून. 'पाहिजे' आणि 'नको' याच्या पुढे माझी मराठी जात नव्हती, आणि दुकानाचे निम्मे गिऱ्हाईक कळवण, सटाणा, देवळा भागातले शेतकरी. कांद्याचे पैसे हाती आले की लग्नाचा बस्ता बांधायला अख्खे कुटुंब यायचे. मी गठ्ठ्यामागे लपायचो. दुकानात एक जुने सेल्समन होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी मला ओढून पुढे बसवले आणि स्वतः मागे जाऊन तागे घडी करू लागले. पाठ आमच्याकडे, पण कान पूर्ण माझ्याकडे!

पहिला बस्ता माझ्या हातून गेला. चाचा मधे पडले नाहीत. मंडळी उतरून गेल्यावर एवढेच विचारले, "बेटा, त्या मावशींनी कोणत्या साडीवरून दोनदा हात फिरवला?" मला सांगता आले नाही. मी नवरीकडे बघून बोलत होतो, आणि निर्णय कोपऱ्यात गप्प बसलेल्या मावशींच्या हातात होता. त्यानंतर रोज एक सवाल. पाणी आधी कोणाला दिलेस? इरकल दाखवल्यावर भाव विचारला की पदर उघडून पाहिला? माझी मराठीही अशीच काउंटरवर झाली. अडलेला शब्द चाचा मागून हळूच सांगायचे.

माझ्या विक्रीतून त्यांना एक पैसा मिळत नव्हता. मग ते का शिकवत होते? मी पहिला पूर्ण बस्ता बांधला त्या दिवशी सर्वांना चहा त्यांनी पाजला, यातच याचे उत्तर आहे. काही माणसांना स्वतःच्या विक्रीपेक्षा शागिर्दाची विक्री गोड लागते. चांगला विकणारा माणूस तसा असेलच असे नाही. तो बहुधा पोराच्या हातातले कापड ओढून घेतो आणि स्वतः विकून मोकळा होतो. गल्ल्यात पैसे येतात, पोरगा आहे तिथेच राहतो.

हे मी स्वतःवरून सांगतो. स्वतःचे दुकान झाल्यावर मी नेमका असाच वागलो. गिऱ्हाईक जरा अडले की मी गादीवरून उठून मधे घुसायचो. एक हुशार मुलगा तीन वर्षांनी सोडून निघाला. कारण विचारले तर म्हणाला, "सेठ, तीन साल में बस घडी करना सीखा." बोलणे लागले, पण खरे होते. चिठ्ठीवर खरेदीचा भाव ज्या अक्षरांत लिहितो, तीसुद्धा मी त्याला सांगितली नव्हती. खरेदीच माहीत नसलेला मुलगा भाव कुठपर्यंत सोडायचा हे काय ठरवणार? प्रत्येक वेळी त्याने माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि गिऱ्हाईकाने त्याच्याकडे बघणे सोडायचे.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचा व्यापार करत, हे आपण सर्व जाणतो. चरित्रकार सांगतात की, त्यांनी एका तागातला दोष दाखवून भागीदाराला बजावले होते, विकताना हा ऐब सांग. भागीदार विसरला. इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम खैरात करून टाकली. विक्रीचा याहून मोठा सबक कोणता? त्यांचे शागिर्द अबू यूसुफ गरीब घरचे. मुलाने कमवावे म्हणून घरचे त्यांना दर्समधून उठवून नेत. इमामसाहेबांनी खर्चाची जबाबदारी उचलली. तेच अबू यूसुफ पुढे हारून रशीदच्या काळात काझी-उल-कुझात झाले. आपले नाव झाकले जाईल, ही भीती त्या उस्तादाला नव्हती.

आता व्यवहाराचे. एकेकट्याच्या विक्रीवर कमिशन ठेवले की जुने सेल्समन मोठे गिऱ्हाईक आपल्याकडे वळवतात आणि नव्या पोराच्या वाट्याला रुमाल, टॉवेल येतात. मी कमिशन सबंध काउंटरचे केले. खरेदीला सुरतेला जाताना एका मुलाला बरोबर नेतो. ज्या जुन्या सेल्समनला शिकवण्याची आवड आहे त्याच्या हाताखाली दोनच मुले देतो, जास्त नाही. आज गिऱ्हाईक मोबाईलवर भाव दाखवत दुकानात चढते. त्याच्याशी भावावर भांडून चालत नाही, पन्ना, पोत आणि रंग हातात देऊन समजवावे लागते. हे सेठ एकटा किती जणांना करणार?

राहिला पुढच्या गल्लीतल्या दुकानाचा प्रश्न. तो तीन वर्षे घडी करणारा मुलगा आता खरेच दुकानदार आहे. ड्रेस मटेरियल विकतो, नऊवारी ठेवत नाही. गेल्या लगीनसराईत त्याने माझ्याकडे दोन बस्ते पाठवले. एकासोबत तो स्वतः आला होता, आणि मावशींना पाणी आधी त्यानेच दिले.