हातमोजा आणि भाषा

दरवर्षी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची बातमी झळकते: विद्यार्थ्यांनी ‘मुक्यांना वाचा देणारा’ हातमोजा तयार केला. आपण ती अभिमानाने पुढे पाठवतो. भौतिकशास्त्राचा संशोधक या नात्याने संवेदकांविषयी मला आदर आहे. तरीही हा हातमोजा जे मोजतो ती भाषा नव्हे, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

भारतीय सांकेतिक भाषेत ‘कोण’, ‘कुठे’ हे प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटी येतात. उत्तर हो किंवा नाही असे अपेक्षित असेल, तर उंचावलेल्या भुवया प्रश्न विचारतात. हातांच्या खुणा त्याच राहतात. बोटांचे वळण मोजणाऱ्या यंत्राला विधान आणि प्रश्न यांतला हा भेद कसा कळावा? २०१६ साली अमेरिकेत अशाच हातमोज्यांना लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळाले, तेव्हा तिथल्या भाषाभ्यासकांनी आणि बधिर समाजाने नेमका हाच आक्षेप घेतला होता.

‘खुणांची भाषा जगभर एकच’ हा समजही तितकाच पोकळ. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी. पण तिथल्या सांकेतिक भाषा परस्परांना उमगत नाहीत. अमेरिकन भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे. तिची मुळाक्षरे एका हाताने होतात, ब्रिटिशांची दोन हातांनी. या भाषांना स्वतःची रचना असते, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्येच दाखवून दिले. आपल्याकडे दिल्लीतील सांकेतिक भाषेवरचे पुस्तक १९८० मध्ये निघाले. त्याच्या लेखकांपैकी मदन वसिष्ठ स्वतः बधिर.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या भारतीयांची संख्या ५० लाखांवर होती. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले. २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशात १०,००० संज्ञा आल्या. काम मोलाचे आहे. परंतु कोश म्हणजे शिक्षक नव्हे. ‘वस्तुमान’ आणि ‘वजन’ यांतला फरक कर्णबधिर मुलीला तिच्याच भाषेत समजावून देणारा शिक्षक किती शाळांत आहे?

हातमोज्याचा सारा रोख आमच्या सोयीकडे आहे: ऐकणाऱ्याने काही शिकू नये, बधिराने मात्र यंत्र चढवून बोलावे. विद्यार्थिमित्रहो, प्रकल्प जरूर करा. पण त्याआधी ही भाषा शिका, बधिर सहकाऱ्याला आराखड्यापासून बरोबर घ्या आणि त्याला खरोखर काय हवे आहे ते विचारा. उत्तर बहुधा ‘दुभाषी’ आणि ‘शिक्षक’ असेच येईल.