‘अवकाश’ : एक शब्द, तीन घरे

एका आईच्या पोटी जन्मलेली भावंडे निरनिराळ्या गावी जाऊन राहिली, म्हणजे कालांतराने त्यांच्या चालीरीतींत फरक पडतो. शब्दांचेही तसेच आहे. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात तर याचा प्रत्यय पावलोपावली येतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सीमा सरकल्या, पण पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची माणसे आणि त्यांची बोली जागच्या जागी राहिली. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी आणि डोंगराकडच्या वस्त्यांत गोंडी व कोलामी, अशा भाषांच्या मेळ्यात आपण वाढतो. या मेळ्यातील एकाच शब्दाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘अवकाश’.

मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा किंवा मोकळा वेळ. ‘परीक्षेस अजून अवकाश आहे’ असे आपण म्हणतो, आणि चंद्राकडे निघालेल्या यानास ‘अवकाशयान’ म्हणतो. ‘पाऊस पडण्याचा अवकाश, की पेरणीस आरंभ झालाच’ ही तर खास मराठी धाटणी. हिंदीत मात्र अवकाश म्हणजे सुट्टी किंवा रजा. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे ‘ग्रीष्मावकाश’, आणि सेवेतून निवृत्त झालेला गृहस्थ ‘अवकाशप्राप्त’. तेलुगूत ‘अवकाशम्’ म्हणजे संधी. आता ‘अवकाशप्राप्त अधिकारी’ हे दोन शब्द तीन मुलांपुढे ठेवून पाहावे. हिंदी मुलास निवृत्त अधिकारी दिसेल, तेलुगू मुलास संधी लाभलेला अधिकारी दिसेल, आणि मराठी मुलास तो गृहस्थ थेट अंतराळात पोहोचलेला दिसेल!

यांपैकी कोणाचे बरोबर? आमच्या मते, तिघांचेही. संस्कृतातील ‘काश्’ या धातूचा अर्थ प्रकाशणे, दिसणे असा आहे. त्यापासून ‘प्रकाश’ झाला, ‘आकाश’ झाले आणि ‘अवकाश’ही झाला. जेथे आड काही नाही, जेथे मोकळे आहे, ते अवकाश. जागा मोकळी असली तर ती पोकळी, वेळ मोकळा असला तर ती फुरसत, आणि वाट मोकळी असली तर ती संधी. हे सर्व अर्थ संस्कृतात एकत्र नांदत होते. पुढे वडिलोपार्जित शेताच्या वाटण्या व्हाव्यात, तशा या अर्थाच्या वाटण्या झाल्या. तरीही बांध पूर्ण पडलेले नाहीत. ‘कामातून अवकाश मिळाला, तर येईन’ हे मराठी वाक्य घ्या. त्यात मोकळा वेळ आहे, रजेची छटा आहे आणि संधीचीही आहे. आपण ज्यास रोज ‘सावकाश’ म्हणतो तो शब्दसुद्धा ‘स’ आणि ‘अवकाश’ मिळूनच झाला, आणि तेलुगू शेजारीही ‘सावकाशम्’ त्याच निवांतपणाच्या अर्थाने बोलतो.

हा प्रकार आपल्याच देशात घडतो असे नव्हे. युरोपात इंग्रजी, डच व जर्मन या तीन सख्ख्या बहिणी. इंग्रजीत ‘रूम’ म्हणजे खोली; पण जुन्या इंग्रजीत तिचा अर्थ केवळ मोकळी जागा असा होता, चार भिंती मागाहून आल्या. जर्मन ‘राउम’ म्हणजे खोलीही आणि विस्तीर्ण अंतराळही. डच भाषेत ‘रॉइम’ म्हणजे ऐसपैस, शिवाय जहाजाच्या पोटातील माल ठेवण्याची जागा. याहून नवल ‘गिफ्ट’ या शब्दाचे. इंग्रजीत ती भेटवस्तू, जर्मनमध्ये ते विष! दोन्हींचे मूळ ‘देणे’ हेच. औषधाच्या मात्रेस ‘दिलेले’ म्हणता म्हणता जर्मन शब्द विषापर्यंत गेला. पण लग्नात मुलीबरोबर दिलेल्या धनाच्या जर्मन नावात, ‘मिटगिफ्ट’मध्ये, जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. डच भाषेने दोन्ही राखले : ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी आणि ‘गिफ’ म्हणजे विष. सारांश, शब्दाचा चेहरा ओळखीचा आहे एवढ्यावरून त्याचा स्वभाव ओळखीचा आहे असे मानणे धोक्याचे असते.

काही शुद्धतावादी मंडळी म्हणतात की, मूळ संस्कृत अर्थ तोच खरा. बाकीचे सारे अपभ्रंश. त्यांस आमचा एकच प्रश्न आहे. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, तसेच प्रेम. मराठीत राग म्हणजे क्रोध. मूळ अर्थाच्या आग्रहापायी आपण रागावणे सोडून देणार काय? शब्दाचे मूळ त्याच्या जन्माची कथा सांगते. त्याचा आजचा अर्थ मात्र तो शब्द रोज वापरणारी माणसेच ठरवितात. तेव्हा शेजाऱ्याच्या बोलण्यास हसणे हे विद्वत्तेचे लक्षण नसून अपुऱ्या ज्ञानाचे लक्षण होय.

हा केवळ विद्वानांच्या करमणुकीचा विषय नाही. तेलुगू वृत्तपत्रांत आणि सूचनाफलकांवर ‘उद्योगावकाशालु’ हा शब्द दिसतो. मराठी कानास त्यात कारखान्यांच्या सुट्टीचा भास होतो. वस्तुतः तेलुगूत ‘उद्योगम्’ म्हणजे नोकरी, आणि त्या संपूर्ण शब्दाचा अर्थ नोकरीच्या संधी! शब्द ओळखीचा वाटला म्हणून जो मुलगा न थांबता पुढे गेला, त्याच्या हातून शब्दच नव्हे, तर अवकाशही निसटला. तसेच ‘निरुद्योगी’चे. तेलुगूत तो नोकरी न मिळालेला तरुण. मराठीत तो रिकामटेकडा. शेजाऱ्याने सहानुभूतीने उच्चारलेला शब्द आपणांस अपमान वाटावा, हे किती अनर्थकारक! ‘व्यवसायम्’ म्हणजे तेलुगूत शेती. कापूस घेऊन बाजार समितीत जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाने फलकावरील हा शब्द वाचून तो व्यापाऱ्यांसाठी आहे असे समजू नये. तो त्याच्या वडिलांसाठीच आहे.

२०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू विषय सक्तीचा झाला आहे. मराठी माध्यमाच्या कित्येक विद्यार्थ्यांस तो भार वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. जो शब्द सर्वस्वी परका असतो त्यापाशी आपण थांबतो, विचारतो, शिकतो. जो परिचित भासतो तोच फसवितो. आणि तेलुगूत असे संस्कृत शब्द विपुल आहेत. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी, तिच्यात मराठी, हिंदी व तेलुगू असे तीन रकाने पाडावे, आणि असा शब्द भेटेल तेव्हा तिन्ही अर्थ टिपून ठेवावे. तेलुगू मित्रांनीही हे करावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. मराठी घरी जेवणाच्या पानावर ‘आग्रह’ होतो तो प्रेमाचा असतो. तेलुगूत ‘आग्रहम्’ म्हणजे क्रोध, हे ठाऊक असल्यास गैरसमज कसा होईल?

आपली मातृभाषा नीट जपावी, हे आम्ही पुनःपुन्हा सांगू. परंतु जपणे म्हणजे कुंपण घालून बसणे नव्हे. तीन भाषांच्या संगमावर राहणाऱ्या विद्यार्थ्यास एकाच शब्दाची तिन्ही घरे पाहावयास मिळतात. एकभाषी गावातील विद्यार्थ्यास ते भाग्य सहसा लाभत नाही. विद्यार्थी बंधुभगिनींनो, येत्या सुट्टीत ही वही अवश्य सुरू करा. वेळ आहे, संधी आहे, आणि वहीची पानेही कोरी आहेत.