रस्ता कोणाचा? खडी फोडणाऱ्याचा!



मी न्हावऱ्याच्या अंगचा माणूस, चौथी शिकलेला, सूतगिरणीत पाळीवर काम करणारा. पुस्तकी बोलणं मला जमत नाही. पण रस्त्याचं बोलायला शाळा लागत नाही, पाय लागतात.

आमच्या शिरूर-दौंडच्या मुलखात दोन मोठे रस्ते आहेत. दोन्ही पुण्याहून निघतात. एक येरवडा, वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूरला येतो आणि घोडनदी ओलांडून नगरला जातो. दुसरा लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ करत सोलापूरची वाट धरतो. दौंड शहर त्याच्या अंगाला, भीमेच्या काठी राहतं. कागदावर यांचे नंबर बदलत राहिले. सोलापूर रस्ता 9 नंबरचा होता तो 65 झाला, नगर रस्ता 753 एफ झाला. नंबर बदलला म्हणून खड्डा बुजत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता सरकारनं ठरवलंय की पुण्यापासून शिरूरपर्यंत 50 किलोमीटरांहून लांब असा खांबांवरचा रस्ता बांधायचा. मोटारी वरून जाणार. ठीक आहे, जाऊ द्या! पण सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांतून पाळी सुटल्यावर जो हजारोंचा लोंढा पायी, सायकलवर नि फटफटीवर बाहेर पडतो, त्यानं कुठून जायचं? माझा चुलतभाऊ रात्रपाळी करून रस्ता ओलांडत होता, ट्रकनं उडवला. जीव वाचला, पाय गेला. ज्या कारखान्यात तो राबत होता, त्यांनी सांगितलं, "अपघात फाटकाबाहेर झाला, आमचा संबंध नाही." रस्त्यावर मेला तर तुमचा नाही, आत राबला तर तुमचा, हा कुठला हिशेब?

हा हिशेब आजचा नाही, म्हणून थोडं मागं जाऊ. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण तिथून पुण्याकडे निघाली, आणि 1 जानेवारी 1818 ला कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. पलटणीत महार शिपाई पुष्कळ होते. कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत, आणि 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब आंबेडकर तिथं येऊन उभे राहिले ते ती नावं विसरली जाऊ नयेत म्हणून. म्हणजे लढणाऱ्याचं नाव दगडावर राहिलं. मग दगड फोडणाऱ्याचं कुठाय?

1876-77 चा दुष्काळ आठवा. आठवा म्हणजे आजी-पणजीनं सांगितलेला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव आणि दौंड-मनमाड लोहमार्गाची माती. हाडं निघालेली माणसं, बायका, पोरं त्या कामांवर. जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल साहेब हिंदुस्थान सरकारतर्फे आले आणि मजुरी तोडली : दिवसाला एक पौंड धान्य आणि वर काही पैसे. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही! दिवसभर खडी फोडायची आणि एवढ्यावर जगायचं. लोकांनी काय केलं? मुंबई इलाख्यात हजारोंनी कामं सोडली, लांबच्या छावण्यांवर जायला नकार दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. आपल्याला संप गिरणीनं शिकवला असं आपण म्हणतो. नाही बाबांनो, उपाशी पोटी कुदळ टाकणारी ती माणसं आपल्या आधीची. त्याच साली टेंपल साहेब मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि 1878 ला दौंड-मनमाड गाडी धावू लागली.

आणखी एक वाट सांगतो, आमची आडवी वाट. शिरूर, न्हावरे, केडगाव, चौफुला आणि पुढं सुपे. (सुपे दोन आहेत बरं का, नगर रस्त्यावरचं वेगळं, हे बारामतीकडचं.) या सुप्यात 12 मे 1875 ला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, आणि ते लोण भीमथडी-शिरूर तालुक्यांत पसरलं. 1879 ला शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा करावा लागला. ज्या वाटेनं लोक उठले तिच्यावर कोणी स्तंभ उभारला नाही. आणि शिरूर तालुक्यात रेल्वे आजही नाही, गाडी धरायची तर केडगाव नाही तर दौंड गाठा.

मराठी राज्य यावं म्हणून गिरणगावानं रक्त सांडलं. 1 मे 1960 ला ते आलं. पुढं 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून गेल्या, त्यांच्या जागी मनोरे उठले, आणि आपण सूतगिरण्यांत, यंत्रमागांवर, रांजणगाव-कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत पांगलो. म्हणून विचारतो, हे राज्य आमचं असेल तर रस्त्याचा नकाशा काढताना पहिलं माप मोटारीचं का?

आमचं मागणं साधं आहे. खांब उभे राहण्याआधी खाली दोन्ही बाजूंना सेवा रस्ता, दर कारखान्याच्या फाटकासमोर सुरक्षित ओलांडणी, पाळीच्या वेळेला एसटी. पाट्यांवर मराठी मोठ्या अक्षरांत. आणि शिरूरला घोडनदीच्या पुलाजवळ एक दगड, दौंड स्टेशनाबाहेर एक दगड : 1876-77 ला इथल्या रस्त्यांवर, रुळांवर राबलेल्या आणि मजुरी तोडली म्हणून काम टाकलेल्या लोकांसाठी. हे ठराव म्हणून तुमच्या तुमच्या युनियनच्या सभेत मांडा, सह्या घ्या, आणि कागद घेऊन कलेक्टर कचेरीवर चला. मी न्हावऱ्याहून येतो, तुम्ही जिथून असाल तिथून या.