हळद डब्यात असू द्या, जखम दवाखान्यात दाखवा

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या आठ वर्षांच्या मुलाला कुत्रे चावले. आजीने जखमेत हळद आणि तिखट भरले, वर फडके बांधले. "रक्त थांबलं, आता काही होत नाही," म्हणाली. संध्याकाळी आई कामावरून आली. तिने फडके सोडून नळाखाली साबणाने पाय धुतला आणि तशीच पोराला घेऊन सिव्हिलला गेली. मुलगा आज शाळेत जातो आहे. आजीची माया खोटी नव्हती, पण मायेने रेबीज थांबत नाही.

हळद आपल्याला परकी नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे टिकत असे. सातारा जिल्ह्यातही वाई, कोरेगावकडे तिचे पीक आहे. काढणीच्या दिवसांत आपल्याच आयाबहिणी मजुरीला जातात आणि पिवळी बोटे घेऊन घरी येतात. म्हणून तिच्याविषयी खरे काय आणि वाढवून सांगितलेले काय, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

हळदीचा पिवळा रंग कुरकुमीन नावाच्या द्रव्याचा. वाळलेल्या हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के असते. वास येतो तो तिच्यातल्या तेलाचा. प्रयोगशाळेत कुरकुमीन सूज कमी करते, काही जंतूंची वाढ रोखते. किरकोळ खरचटल्यावर हळद लावायची आपली रीत जुनीच आहे. तिच्यावर अमेरिकेत १९९५ साली एका विद्यापीठाला पेटंट दिले गेले. आपल्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. म्हणजे हे ज्ञान आपल्या घराघरांतलेच, हे तिथेही मान्य झाले.

पण ज्ञान जुने आहे म्हणून ते प्रत्येक आजाराला पुरते, असे नाही. कुरकुमीन पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारच थोडे जाते. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी त्याच्यासोबत काळ्या मिरीतले पायपरीन दिले, तेव्हा शोषण सुमारे वीस पट वाढले. हेच सांगून आज महागड्या कॅप्सूल विकल्या जातात. गुडघेदुखीत थोडा आराम पडल्याचे काही अभ्यास आहेत. कॅन्सर, मधुमेह बरा होतो याला मात्र पुरावा नाही. उलट इटलीत २०१९ साली अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आली. भाजीतली चमचाभर हळद वेगळी आणि रोजची कॅप्सूल वेगळी. ज्या मजूर बाईने हळद काढली, तिनेच दोन दिवसांची मजुरी घालून ती डबीतून परत विकत घ्यावी, हे मला पटत नाही.

चार ठिकाणी हळदीवर विसंबू नका. कुत्रे, मांजर, माकड चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, तिच्यात काही भरू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. इंजेक्शन मोफत आहे. सगळे डोस ठरलेल्या तारखांना पूर्ण करा. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. साप चावला तर क्षणही न दवडता रुग्णालय. मधुमेह असलेल्याच्या पायाची जखम छोटी दिसली तरी डॉक्टरांना दाखवा. आणि खोकला दोन आठवडे हटत नसेल तर हळदीचे दूध पुरे करा, थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात.

घेतो ती हळद तरी शुद्ध आहे का, हेही पाहा. रंग उठावदार दिसावा म्हणून काही ठिकाणी तिच्यात लेड क्रोमेट मिसळतात. त्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. बांगलादेशात २०१९ साली तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ सापडली. सरकारने धाडी घातल्या, लोकांना जागे केले आणि २०२१ पर्यंत ती शून्यावर आली. आपल्याकडेही हे होऊ शकते. फार चकचकीत हळकुंड आणि सुटी, भडक पूड टाळा. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. महिला मंडळाने एकत्र अर्ज दिला तर त्याला वजन येते.

विनयपिटकातल्या महावग्गात भगवंतांनी आजारी भिक्खूंना मुळांची औषधे घ्यायला अनुमती दिली. त्या यादीत पहिले नाव हळदीचे आहे. सोबत अटही आहे: कारण असेल तरच घ्यावे, कारण नसताना घेणे हा दोष. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजही पुरेसा आहे. औषध घेण्याआधी कारण विचारा. कशासाठी घेतो, त्याने खरेच गुण येतो का, आणि त्यापायी दवाखान्यात जायची वेळ तर टळत नाही ना?

आजीचा हळदीचा डबा फेकू नका. फक्त त्या डब्याच्या झाकणावर जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर चिकटवून ठेवा.