उसने तंत्र आणि स्त्रीचा चेहरा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिचे आराखडे सोव्हिएत अभियंत्यांचे होते, लोहखनिज राजहऱ्याच्या डोंगरांतले होते आणि राबणारे हात भारताच्या अनेक प्रांतांतून आलेले होते. येथे तयार होणारा रूळ रशियन की भारतीय, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो गाडीचा भार पेलतो की नाही, एवढेच पाहिले जाते. चित्रकलेच्या बाबतीत हा विवेक सहसा पाळला जात नाही. चित्राचे तंत्र कोणत्या देशाचे, याची चौकशी आधी होते आणि तिच्या उत्तरावरून चित्राचे मोल ठरवले जाते. चित्र स्त्रीचे असेल तर ही चौकशी अधिकच कडक होते. कारण स्त्रीच्या चेहऱ्यावर संस्कृतीचा शिक्का शोधण्याची समाजाची सवय फार जुनी आहे. जपानी आणि पाश्चात्त्य तंत्रांच्या संयोगातून घडलेल्या स्त्रीचित्रांचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

भारतात या संयोगाचा आरंभ कलकत्त्यात झाला. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो यांच्या भारतभेटीनंतर १९०३ मध्ये योकोयामा तायकान आणि हिशिदा शुन्सो हे त्यांचे दोन तरुण सहकारी चित्रकार कलकत्त्यास आले. त्यांचा आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांचा जो सहवास घडला, त्यातून पुढे ‘वॉश’ या नावाने ओळखली गेलेली पद्धती आकारास आली. रेखाटनावर पातळ रंग द्यावयाचा, तो वाळला की कागद पाण्यात भिजवावयाचा, न धरलेला रंग वाहून जाऊ द्यावयाचा आणि तंतूंत मुरलेल्या रंगावर पुन्हा नवा थर चढवावयाचा, असा हा क्रम असतो. या पद्धतीला लवकरच शुद्ध पौर्वात्य, किंबहुना स्वदेशी, असे बिरुद लाभले. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. तायकान आणि शुन्सो यांची धूसर शैलीच मुळी पाश्चात्त्य चित्रांतील हवा आणि प्रकाश जपानी साधनांनी कसा दाखविता येईल, या शोधातून निघाली होती. बाह्यरेषा सोडून दिल्याबद्दल त्यांच्याच देशातील टीकाकारांनी तिची ‘मोरोताई’, म्हणजे धूसर शैली, अशी हेटाळणी केली होती. इकडे अवनींद्रनाथांनीही आधी ओलिंतो गिलार्डी आणि चार्ल्स पामर या युरोपीय शिक्षकांकडे धडे घेतले होते. अर्थात ज्याला शुद्ध म्हणून गौरविले गेले, ते दोन्ही बाजूंनी मिश्रच होते.

या मिश्र तंत्राचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे अवनींद्रनाथांचे १९०५ मधील ‘भारतमाता’ हे चित्र. भगव्या वस्त्रातील त्या चतुर्भुज तरुणीकडे पाहताना तिच्याभोवतीचा विरघळता प्रकाश जपानी संस्कारातून आला आहे, याची आठवण कोणालाही होत नाही, आणि होण्याचे कारणही नाही. राष्ट्राची प्रतिमा उसन्या तंत्राने घडली म्हणून ती परकी ठरली नाही. मात्र याच चित्रात या पद्धतीचा एक धोकाही दडलेला आहे. ‘भारतमाता’ ही कल्पना असल्यामुळे तिला विशिष्ट व्यक्तीचा चेहरा नसला तरी चालते. पुढील अनुयायांच्या चित्रांत मात्र राधा, विरहिणी, पुजारीण अशा सर्वच स्त्रिया तशाच अर्धोन्मीलित डोळ्यांच्या आणि तशाच लवचिक बोटांच्या होऊ लागल्या. धुक्याने स्त्रीला सौंदर्य दिले आणि तिचे नाव पुसून टाकले.

या धूसरतेशेजारी सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र ठेवून पाहावे. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे आणि सर जे. जे. कलाशाळेच्या वास्तववादी शिस्तीत तयार झालेले होते. येथे प्रकाशाला निश्चित उगम आहे. हातातील दिवा, ज्योतीआड धरलेला तळवा, बोटांतून झिरपणारी लाली आणि त्या उजेडात उजळलेला चेहरा या सर्वांचा हिशेब डोळ्यांना पटतो. चित्रासाठी उभी राहिलेली तरुणी त्यांची कन्या होती. पाहणाऱ्याला ते ठाऊक नसले, तरी आपण कोणा एका मुलीकडे पाहत आहोत, याविषयी त्याला शंका उरत नाही. पाश्चात्त्य शिस्तीची ही देणगी नाकारून केवळ पौर्वात्यतेचा अभिमान बाळगणे म्हणजे स्त्रीच्या व्यक्तित्वाचीच किंमत मोजणे होय.

दोन्ही तंत्रांचा मेळ घालूनही व्यक्तित्व टिकविता येते, याचे एक उदाहरण खुद्द जपानात आहे. हाशिगुची गोयो या चित्रकाराने टोकियोच्या कलाशाळेत पाश्चात्त्य चित्रकलेचे शिक्षण १९०५ मध्ये पुरे केले आणि नंतर उतामारोच्या जुन्या काष्ठठशांचा अभ्यास केला. केस विंचरणाऱ्या स्त्रीचे त्याचे १९२० मधील चित्र रेषेच्या दृष्टीने संपूर्ण जपानी आहे. परंतु मान, खांदा आणि केसांचा भार यांची जाण प्रत्यक्ष स्त्रीला समोर बसवून केलेल्या रेखाटनांतून आलेली आहे.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे, तरीही कमी परिचित आहे. गोव्यातील सांतो इस्तेव्हांव येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका काही काळ जे. जे. कलाशाळेत होते. तेथील युरोपीय वळण न रुचल्याने ते बंगालमध्ये गेले आणि अवनींद्रनाथ व नंदलाल बोस यांचे शिष्य झाले. परतल्यावर त्यांनी वॉश पद्धतीने येशूची माता मरिया रंगविली, ती साडी नेसलेली, येथल्या मातीच्या रंगाची. विषय आणि त्याची मूळ मांडणी युरोपच्या चर्चपरंपरेतील, रंगलेपन जपानमार्गे बंगालातून आलेले आणि स्त्री कोकणातली, असा हा त्रिवेणी संगम होता. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात अनेकांना तो अनादर वाटला. गोरी, निळ्या झग्यातील मरिया तेवढी पवित्र आणि सावळी, साडीतील मरिया मात्र अपमानकारक, असा तो न्याय होता. फोन्सेकांनी पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घेतला आणि १९६७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. १९५१ मधील विवाहानंतरच्या त्यांच्या मरियेत पत्नी आयव्ही यांची चेहरेपट्टी ओळखू येते. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आहे.

फोन्सेकांचे महत्त्व नेमके येथे आहे. गुरुगृही मिळालेल्या धुक्यात त्यांनी स्त्रीला विरघळू दिले नाही. देवमातेला त्यांनी शेजारच्या अंगणात भेटावी अशी एक बाई केले. आणि त्यामुळे तिचे देवत्व उणावले नाही.

मिश्रणाने दोन्ही परंपरा भ्रष्ट होतात, हा आक्षेप नेहमीचा आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. छायाप्रकाशाचे अर्धवट ज्ञान आणि धूसरतेची सवंग आवड एकत्र आली की दिनदर्शिकेवरील गोड बाहुली जन्मास येते. परंतु हा दोष तंत्रे एकत्र येण्याचा नाही, ती समोरच्या स्त्रीकडे न पाहता वापरण्याचा आहे. शुद्ध तैलरंगातही अशा बाहुल्यांची वाण पडलेली नाही.

भिलाईहून फार दूर नसलेल्या खैरागढ येथे १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. पोलादाच्या नगरातील एखाद्या मुलामुलीने तेथे किंवा अन्यत्र चित्रकला शिकावयाचे ठरविले, तर वॉश पद्धतीला पौर्वात्य आणि व्यक्तिचित्रणाला पाश्चात्त्य असे दोन कप्प्यांत बंद करून त्यांच्या हाती देऊ नये. प्रत्यक्ष माणसाचे रेखाटन आधी पक्के व्हावे आणि रंग पाण्यात सोडण्याचे धैर्य त्यानंतर यावे. राजहऱ्याच्या खाणीत राबणारी मजूर स्त्री किंवा कारखान्याच्या वसाहतीतील मराठी गृहिणी अद्याप कोणत्याही शैलीची ठरीव नायिका झालेली नाही. तिचे चित्र काढताना कुंचला जपानी असो वा विलायती, चित्र पुरे झाल्यावर तिला त्यात स्वतःचा चेहरा ओळखता आला पाहिजे.