काळाचा घाला? नव्हे!

वरोरच्या किनाऱ्याला लागणारा समुद्र हाच डहाणूचा समुद्र. 13 जानेवारी 2018 रोजी ओएनजीसीच्या अधिकाऱ्यांना घेऊन जुहूहून निघालेले हेलिकॉप्टर डहाणूलगतच्या याच समुद्रात कोसळले. आतील सातही जण गेले. त्याच वर्षी 28 जूनला, त्याच जुहूहून चाचणीसाठी उडालेले किंग एअर सी-90 हे छोटे खाजगी विमान घाटकोपरला बांधकामाच्या जागी आदळले. विमानातील चौघे आणि एक पादचारी मृत्युमुखी पडले.

अशा प्रत्येक प्रसंगी आपली मराठी एक तयार शब्दप्रयोग पुढे करते : काळाचा घाला. घाटकोपरच्या वेळी तर काही तासांतच दुसरी कथाही उभी राहिली. वैमानिकाने म्हणे विमान वस्तीपासून दूर वळवून शेकडोंचे प्राण वाचवले. तसे घडलेही असेल. पण अवशेष थंड होण्यापूर्वीच ते कोणाला, कशावरून कळले?

या घाईचा दोष केवळ वार्ताहरांच्या माथी मारून आम्हा साहित्याच्या अध्यापकांना सुटता येणार नाही. शोकांतिका म्हणजे नायक, त्याचा प्रमाद आणि नियती, हे समीकरण वर्षानुवर्षे आम्हीच घोकून घेतले. परिणामी अपघात दिसला की आपण नायक शोधतो. तो न सापडल्यास खलनायक. 'मानवी चूक' हा शब्दही मग प्रमादाचेच आधुनिक भाषांतर ठरतो.

अपघाताचा तपास नेमका याच्या उलट चालतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे परिशिष्ट 13 आणि आपल्याकडील 2017 चे नियम यांनी त्याचा हेतू स्पष्ट केला आहे : पुढील अपघात टाळणे, दोष वाटणे नव्हे. म्हणून तपास 'कोण' यापाशी न थांबता 'कसे' विचारतो. दुरुस्ती कशी झाली? हवामान कसे होते? त्या हवामानात उड्डाणाचा निर्णय कसा घेतला गेला? शौर्यकथेत या प्रश्नांना जागाच उरत नाही. आणि विमानाशी काडीचाही संबंध नसलेला तो पादचारी? कथेत त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धे वाक्य येते.

तपासाचे अहवाल रुक्ष असतात, इंग्रजीत असतात, हे खरे. तरीही एखादा अहवाल वर्गात शोकांतिकेशेजारी ठेवून वाचावा, असा आमचा आग्रह आहे. मृतांना पुतळा नको, आरोपीचा पिंजराही नको. त्यांना हवे आहे कारण. ते सांगू न शकणारी भाषा कितीही गहिवरली, तरी ती पुढच्या अपघाताची वाटच मोकळी करत असते.