ओस मॉल आणि बेवारस जबाबदारी

हाजीअलीनजीकचा 'क्रॉसरोड्स' हा मुंबईचा पहिला मॉल म्हणून १९९९ साली मोठ्या थाटाने उघडला, तेव्हा आत शिरू इच्छिणाऱ्याच्या हाती मोबाइल फोन किंवा खिशात क्रेडिट कार्ड असावे लागे. यांपैकी काहीच जवळ नसेल, त्याने प्रवेशासाठी ६० रुपये मोजावेत, असा दंडक होता. बाजारात पाऊल टाकण्यासाठी गिऱ्हाइकाने आधी आपली ऐपत सिद्ध करावी, ही कल्पना या शहराला नवी होती. तिच्यावर टीका झाली आणि तो नियम गुंडाळावा लागला. पुढे मालक बदलले, मॉलचे नाव बदलून 'सोबो सेंट्रल' झाले, बँकांची कर्जे थकली, कोविडच्या साथीनंतर उरलीसुरली दुकाने उठली, आणि २०२४ साली के. रहेजा कॉर्प या बांधकाम समूहाने ४७६ कोटी रुपयांना तो विकत घेतला. ज्या दारावर गर्दी थोपविण्यासाठी दरवान उभे केले होते, त्या दाराकडे पंचवीस वर्षांच्या आत कोणी फिरकेनासे झाले. काळाने हा सूड उगवला, असे म्हणून कोणी हसेल. आम्हांला मात्र यात हसण्यासारखे काही दिसत नाही. मोक्याच्या जागी असल्यामुळे या मॉलला निदान खरीददार तरी मिळाला. ज्यांना तो मिळत नाही, अशा मॉलांचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

दुकाने निघतात, चालतात आणि बंद पडतात. व्यापाराचा तो धर्मच आहे. परंतु दुकान बंद पडणे आणि मॉल बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकान बंद पडले की मालक कुलूप लावतो आणि काही दिवसांनी तेथे दुसरा कोणी पाटी लावतो. मॉल असा एका दिवसात मिटत नाही. तो वर्षानुवर्षे मरत राहतो. या लांबलेल्या मरणकाळात त्या प्रचंड वास्तूची, तिच्यातील जुनाट वीजवाहिन्यांची, पाणी साचलेल्या तळघरांची आणि तेथे अद्याप पोट भरणाऱ्या माणसांची जबाबदारी नेमकी कोणाची, याचे धड उत्तर आज कोणीही देत नाही. आमचा आक्षेप मॉलच्या मरणाला नाही. या बेवारशीपणाला आहे.

हे दुखणे एकट्या मुंबईचे नाही. 'नाइट फ्रँक' या मालमत्ता सल्लागार संस्थेने देशातील २९ शहरांची पाहणी करून २०२४ साली अहवाल प्रसिद्ध केला. ज्यांतील ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी पडली आहे, अशा मॉलांना त्यात 'भुताळी' ठरविले आहे. २०२२ साली असे मॉल ५७ होते. २०२३ साली ते ६४ झाले. त्यांतील एकूण जागा सुमारे १ कोटी ३३ लाख चौरस फूट भरते, आणि तीमुळे होणारे नुकसान ६,७०० कोटी रुपयांच्या घरात जाते, असा त्या अहवालाचा हिशेब आहे. एक लाख चौरस फुटांहून लहान असे आणखी १३२ मॉल याच वाटेवर असून त्यांतील ३६ टक्के जागा ओस आहे, असेही त्यात नमूद केले आहे. सारांश, हे चार-दोन व्यापाऱ्यांच्या दुर्दैवाचे प्रकरण नसून आपल्या नगररचनेला जडलेली ही व्याधी आहे.

मरणपंथाला लागलेल्या अशा एखाद्या मॉलमध्ये कोणीही दुपारच्या वेळी शिरून पाहावे. ऱ्हासाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. तळमजल्यावरचे जे मोठे भांडार माणसांना खेचून आणत असे, ते प्रथम उठते. मग सिनेमागृह बंद होते. त्यानंतर सरकता जिना थांबतो आणि माणसे तो साध्या जिन्यासारखा चढू लागतात. वातानुकूलन आधी काही तासांपुरते आणि पुढे कायमचे बंद पडते. आणि केवळ थंड हवेच्या भरवशावर, खिडक्यांवाचून बांधलेल्या त्या इमारतीत कोंदट उष्मा साचून राहतो. वरच्या मजल्यांवरचे दिवे काढले जातात. शटरांवर थकबाकीच्या नोटिसा डकवलेल्या असतात, फूड कोर्टातल्या खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात सारलेल्या असतात, आणि छतातून गळणाऱ्या पाण्याखाली कोणी तरी बादली ठेवलेली असते.

तरीही तेथे काही शटरे उघडी असतात. मोबाइल दुरुस्त करणारा, कपडे बेतणारा शिंपी, झेरॉक्सवाला, एखादा शिकवणीचा वर्ग, एखादा दवाखाना. हे लोक हौसेने मागे राहिलेले नसतात. काहींनी अनामत रक्कम भरलेली असते आणि ती परत मिळण्याची आशा सुटत नाही. काहींना दुसरीकडचे भाडे झेपत नाही. आणि पुष्कळ गाळ्यांचे मालक तर आमच्या वाचकांसारखेच पांढरपेशे असतात. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या फंडातून त्यांनी दीडशे-दोनशे चौरस फुटांचा गाळा घेतला. दरमहा येणारे भाडे पेन्शनसारखे उपयोगी पडेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. आज भाडे नाही, गिऱ्हाईक नाही, गाळा विकावा तर घेणारा नाही. आणि मालमत्ता कराचे व देखभाल खर्चाचे बिल मात्र नेमाने येते. मॉल बुडाला म्हणजे कोणी तरी धनिक बुडाला, ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. बड्या कंपन्या वेळीच बाहेर पडतात. अडकून राहतात ती लहान माणसे.

हे का घडले? घरबसल्या खरेदीची सोय झाल्यामुळे मॉल मेले, असे उत्तर सर्रास दिले जाते. त्यात तथ्य आहे, परंतु ते संपूर्ण सत्य नव्हे. ऑनलाइन व्यापार सर्वांनाच छळतो. तरीही कुर्ल्याचा फिनिक्स किंवा मालाडचा इनऑर्बिट सुट्टीच्या दिवशी माणसांनी फुलून जातो, आणि २०२३ च्या अखेरीस वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड प्लाझासारखा श्रीमंती मॉल नव्याने उघडला. तेव्हा भेद अन्यत्र शोधला पाहिजे. जे मॉल टिकले, त्यांची मालकी सामान्यतः एकहाती आहे. दुकाने तेथे भाड्याने दिलेली असतात. कोणते दुकान कोठे असावे, कोणाला काढावे, कोणाला आणावे, हे एकच व्यवस्थापन ठरवते, आणि दुकान चालले तरच आपले भाडे चालते, हे ते जाणून असते. उलट, जे मॉल बुडाले त्यांपैकी पुष्कळांत विकासकाने गाळे सुटे सुटे विकले, आपला पैसा मोकळा केला आणि तो निघून गेला. मागे उरले शेकडो मालक. जिना दुरुस्त करायचा तर शेकडो सह्या हव्यात. निम्मे मालक परगावी, काहींचे गाळे बँकांनी जप्त केलेले, काहींचे वाद न्यायालयात. देखभालीची वर्गणी थकते म्हणून सोयी बंद होतात, सोयी बंद होतात म्हणून गिऱ्हाईक तुटते, आणि गिऱ्हाईक तुटते म्हणून वर्गणी आणखी थकते. या चक्रातून बाहेर पडण्याची वाट त्या मालकांपाशी नसते.

हे सारे केवळ पैशापुरते असते, तर आम्ही पहिल्या पानावर त्याची चर्चा केली नसती. भांडुपच्या ड्रीम्स मॉलची कहाणी मुंबईकरांनी विसरता कामा नये. शेकडो गाळ्यांचा हा मॉल कर्जे आणि वाद यांत रुतला. २०१८ साली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने त्यावर प्रशासक नेमला. कोविडच्या निकडीत याच मॉलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर रुग्णालय चालविण्यास तात्पुरती परवानगी देण्यात आली. २५ मार्च २०२१ च्या रात्री खालच्या मजल्यावर आग लागली, धूर वर चढला आणि निदान ९ रुग्णांना प्राण गमवावे लागले. मॉलमध्ये रुग्णालय असल्याचे आपण प्रथमच पाहत आहोत, असे उद्गार तेव्हाच्या महापौरांनी काढले. शहराच्या प्रथम नागरिकाला जे दुर्घटनेनंतर दिसले, ते परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्याला आधी दिसावयास नको होते काय? या दुर्घटनेच्या पाच महिने आधी, २२ ऑक्टोबर २०२० रोजी, नागपाड्याचा सिटी सेंटर मॉल पेटला होता. ती आग दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि शेजारच्या उत्तुंग इमारतीतून साडेतीन हजारांच्या आसपास रहिवाशांना बाहेर काढावे लागले. इतका मोठा इशारा मिळूनही भांडुप घडले. आणि भांडुपनंतर वर्षभराने, मार्च २०२२ मध्ये, त्याच ओस मॉलला पुन्हा आग लागली!

कायदा नाही, असे म्हणण्याची सोय सरकारला नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली अग्निरोधक यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर केला पाहिजे. नियम उत्तम आहे. परंतु जेथे मालक शेकडो आणि भोगवटादार विखुरलेले, तेथे हा दाखला आणणार कोण? पाण्याचा पंप चालू आहे की नाही, हे पाहणार कोण? जबाबदारी सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही, या आपल्या जुन्या अनुभवाचा प्रत्यय येथे अत्यंत महागात येतो.

बाजार कसा उभारावा याचा या भूमीला अनुभव नाही, असे नव्हे. मुंबईची क्रॉफर्ड मार्केट १८६९ सालची आणि पुण्याची मंडई १८८६ सालची. पुण्याच्या मंडईवर एवढा पैसा खर्च करण्यास नगरपालिकेचे सभासद या नात्याने जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. यातील विरोधाभास बाजूला ठेवला तरी एक गोष्ट ध्यानात येते. तो वाद लोकांच्या सभागृहात झाला, कारण तो बाजार लोकांचा होता. त्याचे छप्पर गळले तर जाब कोणाला विचारायचा, हे पुणेकरास ठाऊक असते. मॉलच्या बाबतीत असा वाद कधी झालाच नाही, आणि म्हणून आज जाब विचारावयास समोर कोणी नाही.

मॉल या कल्पनेच्या जनकालाही हे अभिप्रेत नव्हते. व्हिक्टर ग्रुएन याने १९५६ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात साउथडेल हा बंदिस्त मॉल उभारला, तेव्हा दुकानांच्या भोवती घरे, शाळा, दवाखाने आणि उद्यान असलेले नगरकेंद्र त्याच्या मनात होते. प्रत्यक्षात दुकाने तेवढी उरली. उत्तरायुष्यात त्याने आपल्या या अपत्याशी नाते तोडून टाकले. ओस मॉलांचा विचार करताना त्याची मूळ कल्पना आपल्याला उपयोगी पडण्यासारखी आहे. मात्र एका धोक्याची सूचना आताच दिली पाहिजे. १९८२ च्या संपानंतर ओस पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनींविषयी १९९१ च्या नियमांत एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. २००१ साली तो नियम मूळच्याच मोकळ्या जमिनीपुरता आक्रसला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरणगावाच्या वाट्याला उंच मनोरे आणि मॉल आले. आता मॉलांच्या जागी पुन्हा मनोरेच उठणार असतील, तर त्याचा निर्णय निदान बंद फायलीत होऊ नये.

आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. ज्या मॉलमधील ४० टक्के जागा रिकामी झाली, त्याची नोंद महापालिकेने जाहीर करावी, अग्निशमन दलाकडून त्याची अचानक तपासणी करवावी आणि निष्कर्ष मॉलच्या दारावर मराठीत लावावा. जेथे व्यवस्थापन कोसळले आहे, तेथे ठराविक मुदतीत पूर्ण अधिकाराचा प्रशासक नेमण्याची तरतूद कायद्यात व्हावी. आणि यापुढे गाळे सुटे विकणाऱ्या विकासकाकडून देखभालीसाठी भरभक्कम ठेव आधीच घेतली जावी. ओस मॉलचा वापर बदलताना जाहीर सुनावणी व्हावी, शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या लहान दुकानदारांना नव्या वास्तूत प्रथम हक्क मिळावा, आणि काही भाग अभ्यासिका, ग्रंथालय, पाळणाघर यांसारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवावा. विद्यार्थ्यांना बसून वाचावयास जागा नाही अशा शहरात लाखो चौरस फूट जागा अंधारात कुजत पडावी, हे कोणत्याही शहाण्या समाजास शोभणारे नाही.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा पैसा उभारावयास नको. हवी आहे ती आपली जबाबदारी ओळखण्याची तयारी. पहिले पाऊल तर अगदी साधे आहे. आपल्या हद्दीत असे मॉल किती, ते कोठे आहेत आणि त्यांतील आग विझविणारे पंप चालू आहेत काय, एवढे महापालिकेने येत्या महिन्याभरात नागरिकांना सांगावे. भांडुपच्या आगीनंतर ही यादी मागण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे, आणि ती जाहीर होईपर्यंत आम्ही तिची आठवण करून देत राहू.